न जमण्यातून घडलेला सूर

'द थ्रिल इज गॉन' सुरू होतं तेव्हा गाणारा गप्प असतो. बोलते ती गिटार. एक छोटं वाक्य, मग उसंत. पुन्हा एक वाक्य, पुन्हा उसंत. खाली बास सावकाश येरझाऱ्या घालत असतो, इलेक्ट्रिक पियानो अधूनमधून ओलसर स्वर सोडतो, ड्रमनं ठोका घट्ट धरलेला असतो. या सगळ्यांच्या वर ही गिटार, समोर कुणीतरी बसलंय आणि त्याला काही अवघड सांगायचंय, अशी. जिथं वाक्य संपतं तिथं ती खरंच थांबते. त्या थांबण्यात शेवटच्या सुराची आस तरंगत राहते. मग बी. बी. किंगचा आवाज येतो, आणि त्या क्षणी गिटार मुकी होते.

हे गाणं मी किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही. पण कान दर वेळी त्याच जागी जातो: आवाज सुरू होताना मिटणाऱ्या गिटारकडे. गळ्यात गिटार अडकवून गाणारा माणूस सहसा गाताना खाली काहीतरी वाजवत राहतो. स्वतःच्या गाण्याला स्वतःच आधार देतो. किंग तसं करत नाही. गाताना त्याचे हात जवळजवळ रिकामे असतात. ओळ संपली की हात तारांवर येतात आणि गळा मिटतो.

याचं कारण अगदी साधं होतं. त्याला दोन्ही एकदम जमत नव्हतं.

हे त्यानं कधी लपवलं नाही. गाता गाता वाजवणं आपल्याला साधत नाही, असं तो मुलाखतींत सहज सांगायचा. कॉर्डच्या बाबतीत आपण कच्चे आहोत, हेही सांगायचा. तिसरी गोष्ट स्लाइडची. बोटात धातूची किंवा काचेची नळी घालून ती तारांवर घसरवायची, ही डेल्टामधल्या ब्लूजची मुळाक्षरं. ती त्याच्या हाताला कधी वळलीच नाहीत. ब्लूजचा गिटारवादक, आणि या तिन्ही गोष्टी नाहीत! त्याची सगळी गायकी (गिटारबद्दल बोलतानाही मी गायकीच म्हणतो) या तीन नकारांतून उगवलेली आहे, असं मला फार वर्षांपासून वाटत आलंय. त्याच्या थोरवीचा हा काही वेगळा, बाजूचा भाग नव्हे, मूळच ते.

रायली बी. किंग जन्मला १६ सप्टेंबर १९२५ रोजी, मिसिसिपी राज्याच्या डेल्टा भागात, इट्टा बीना आणि इंडियनोला या गावांच्या पट्ट्यातल्या एका कापसाच्या मळ्यावर. आईवडील अर्धेलीनं शेती करणारे. जमीन मालकाची, बियाणं आणि खाणंपिणं मालकाकडून उधारीवर, आणि कापूस विकल्यावर हिशेबाला बसलं की कुळाच्या वाट्याला बहुतेकदा पुढच्या वर्षाचं कर्ज. मुलगा चार-पाच वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले. तो दहाचाही झाला नसेल, तोच आई गेली. नंतर सांभाळणारी आजी १९४०मध्ये गेली, आणि हा पोरगा काही काळ एका खोपटात एकटा राहिला. बोलताना तो अडखळायचा. आत्मचरित्रात त्यानं लिहिलंय, की लहानपणी गावच्या कोर्टापाशी जमावानं मारलेल्या एका काळ्या माणसाचं प्रेत त्यानं पाहिलं. आतून पेटला, पण तोंडातून शब्द काढला नाही.

त्याच्या प्रत्येक सुराला हे दुःख चिकटवण्याचा मोह मला होतो आणि मी तो टाळतो. त्या मळ्यांवर असं बालपण हजारो मुलांच्या वाट्याला आलं. त्यातला प्रत्येक जण असा वाजवू लागला नाही. पण एवढं मात्र म्हणेन, की ज्याची जीभ अडखळते आणि ज्याला गप्प राहणं हा जिवंत राहण्याचा भाग म्हणून शिकावं लागतं, त्याला बोलणं आणि थांबणं या दोन्हींचं वजन इतरांहून अधिक ठाऊक असतं.

गिटार त्याला पहिल्यांदा भेटली चर्चमध्ये. रेव्हरंड आर्ची फेअर हे प्रवचन करत आणि गिटारही वाजवत. त्यांनी या मुलाला तीन कॉर्ड दाखवल्या. आईकडच्या एका वयस्क मावशीकडे फोनोग्राफ होता. त्यावर ब्लाइंड लेमन जेफरसन आणि लॉनी जॉन्सन यांच्या तबकड्या ऐकायला मिळत. लॉनी जॉन्सन हे नाव इथं महत्त्वाचं. डेल्टातले वादक गिटार तालवाद्यासारखी ठोकत असताना जॉन्सन एकेक सूर वेगळा, स्वच्छ, गळ्यातून काढल्यासारखा काढायचा. मुलाच्या कानानं तिथंच कौल दिला असावा.

पुढं इंडियनोलात तो एका मळ्यावर ट्रॅक्टर चालवू लागला. शनिवारी हातात गिटार घेऊन गावातल्या चौकात उभा राहायचा. तिथली एक गोष्ट त्यानं जन्मभर सांगितली. भजन गायलं की लोक डोक्यावरून हात फिरवत, पोरा, असाच गात राहा, म्हणत. ब्लूज गायलं की हातावर नाणं ठेवत. त्याचं ब्लूजकडे वळणं हे असं. यात बंडखोरी शोधणाऱ्यांनी शोधावी. मला त्यात पोटाची आणि श्रोत्याची एकाच वेळी झालेली ओळख दिसते. समोरच्या माणसाला काय पोचतं, याचं भान त्याला त्या चौकानं दिलं. ते भान शेवटपर्यंत सुटलं नाही.

१९४६मध्ये एक दिवस मळ्यावर तो ट्रॅक्टर बंद करत असताना ट्रॅक्टर पुढं सरकला आणि त्याचं धुराचं नळकांडं मोडलं. मालकाच्या भीतीनं हा गिटार उचलून पळाला तो मेम्फिसला. तिथं बुका व्हाइट होता, आईच्या नात्यातला भाऊ. नावाजलेला ब्लूजवाला, पार्चमनच्या तुरुंगात शिक्षा भोगून आलेला. किंग त्याच्याकडे दहाएक महिने राहिला. ब्लूज गाणाऱ्यानं बँकेत कर्ज मागायला जाताना घालतो तसे कपडे घालावेत, हा सल्ला बुकाचाच, असं किंग सांगायचा. त्यानं तो पाळला. पुढच्या साठ वर्षांतले त्याचे फोटो पाहा: सूट, चमकते बूट, नीट बसवलेले केस.

पण बुकाकडून जे शिकायला हवं होतं ते शिकता आलं नाही. बुका स्लाइडचा बादशहा. त्याच्या बोटातली धातूची नळी तारेवर फिरली की सूर रडायचा, आणि हे सगळं शेजारी बसलेल्या किंगच्या कानात भरून राहिलं. हवाई बेटांतल्या स्टील गिटारचा घसरता, लांबणारा स्वरही त्याला भुरळ घालायचा. हाताला मात्र नळी धरवेना. मग कानात भरलेला तो थरार बाहेर काढायचा कसा? त्यानं नुसतं बोट वापरलं.

त्याचा डावा हात ज्यांनी चित्रफितीत पाहिलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. पहिलं बोट तारेवर टेकलेलं. अंगठा गिटारच्या मानेवरून सुटलेला. तळहात मोकळा. बोटाचं टोक हीच काय ती टेकण्याची जागा, आणि तिच्याभोवती सगळा पंजा मनगटापासून फडफडतो, फुलावर बसलेल्या फुलपाखराच्या पंखांसारखा. सूर किंचित चढतो, परत येतो, चढतो, परत येतो. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला हे आंदोलन ओळखीचं वाटेल. पण किंगचं आंदोलन ऐकताना एक बारकावा सोडू नये: सूर लागताक्षणी तो हलवत नाही. आधी सूर सरळ उभा करतो. तो कानात बसू देतो. मग हलवतो. उभ्या राहिलेल्या माणसाचा ओठ थरथरावा, तसं ते होतं. आधीच थरथरत आलेल्या माणसाचं रडू आपल्याला इतकं भिडत नाही.

दुसरी गोष्ट तार खेचण्याची. सतारीवर पडद्यावरची तार आडवी ओढून मींड काढतात, नेमकी तीच क्रिया. किंगचा हात गिटारच्या मानेवर फार फिरत नाही. वरच्या पट्टीत, तीन बारीक तारांवर, चार-पाच सुरांचं एक लहानसं घर त्यानं बांधलंय आणि तो तिथंच नांदतो. गिटार शिकणारे जगभर त्या जागेला त्याच्याच नावानं ओळखतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मधोमध षड्ज, पहिल्या बोटाखाली. त्याच्या वर रिषभ. आणि सगळी किमया या रिषभात: तो दाबून तार खेचली की गंधार निघतो. कोणता गंधार? कधी कोमल, कधी शुद्ध, आणि ऐन भरात असताना त्या दोघांच्या मधला, पियानोच्या पट्ट्यांमध्ये ज्याला जागाच नाही असा. खाली बाजूच्या तारेवर शुद्ध धैवत आहे. त्या धैवताचा स्पर्श झाला की रडवेल्या वाक्यात एकदम गोडवा उतरतो, आसवं पुसून कुणी हसावं तसा. कोमल गंधाराची कळ आणि शुद्ध धैवताचा दिलासा, एकाच श्वासात. किंगच्या ब्लूजमध्ये नुसतं दुःख का ऐकू येत नाही, याचं बरंचसं उत्तर मला या दोन सुरांच्या शेजारात सापडतं.

अर्थात हे सूर टिकायला हवेत, तर वीज हवी. लाकडी गिटारचा सूर छेडला की विझायला लागतो. टी-बोन वॉकरचं 'स्टॉर्मी मंडे' १९४७मध्ये आलं आणि ते ऐकल्यावर इलेक्ट्रिक गिटार मिळाल्याशिवाय किंगला चैन पडेना. विजेनं त्याला आस दिली. आस मिळाल्यावर थांबता येऊ लागलं. सैन्यातून परतलेल्या एका मित्रानं फ्रान्सहून जँगो राइनहार्टच्या तबकड्या आणल्या होत्या, त्याही त्यानं झिजेपर्यंत ऐकल्या. तरुणपणी गाडीला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली होती, आणि उरलेल्या बोटांवर त्यानं आपलं सगळं वादन उभं केलं होतं. किंगनं त्याच्यात काय ऐकलं ते मी सांगू शकत नाही. पण एका अपुऱ्या हातानं दुसऱ्या अपुऱ्या हाताला ओळखलं असेल, असं मानायला मला आवडतं.

आता गाणं आणि वाजवणं एकदम न जमण्याविषयी. इथं ब्लूजची बांधणी थोडी समजून घ्यायला हवी. ब्लूजचं एक आवर्तन बारा बारचं, प्रत्येक बार चार ठोक्यांचा; म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचा एक मोठा फेरा. त्यात तीन ओळी बसतात, चार-चार बारची एकेक. पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि मग तिसरी, पहिल्या दोघींना उत्तर देणारी. पण गाणाऱ्याची ओळ चार बार भरून टाकत नाही. साधारण निम्म्यात ती संपते. उरलेली जागा रिकामी असते. कापसाच्या शेतातल्या हाळीत आणि चर्चमधल्या गाण्यात एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी साद द्यायची, त्या रीतीची ही खूण. मांडणीतच उत्तरासाठी जागा ठेवलेली आहे.

किंगला त्या जागेत राहायला जायचं होतं आणि त्याला पर्यायही नव्हता. ओळ गाईपर्यंत हात गप्प. ओळ संपली की हातांची पाळी. त्यामुळं गिटार ही त्याची साथ झाली नाही, ती दुसरी गाणारी झाली. मैफलीत गवई श्वास घेतो तेव्हा पेटीवाला त्याच्या शेवटच्या सुरावरून जागा भरून काढतो, तेवढ्यापुरतं हे जुळतं. पण पेटी गवयाचं म्हणणं पुढं नेते; किंगची गिटार त्याच्याशी असहमतही होऊ शकते. तो वरच्या पट्टीत ओरडून तक्रार करतो आणि ती एका खालच्या सुरात समजूत काढते. तो गोड बोलतो आणि ती टोचते. एकाच माणसाच्या आत हे चाललंय, हे कळतं तेव्हा अंगावर काटा येतो.

या गिटारला नाव मिळालं त्याची हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९४९चा हिवाळा, आर्कान्सातलं ट्विस्ट नावाचं गाव. नाचघरात ऊब यावी म्हणून रॉकेल पेटवलेलं पिंप ठेवलेलं. दोघं भांडले, पिंप लवंडलं, आग लागली. बाहेर आलेला किंग गिटारसाठी पुन्हा आत धावला. आगीत दोन माणसं मेली, आणि ज्या बाईवरून भांडण झालं तिचं नाव ल्यूसिल. तेव्हापासून त्याची प्रत्येक गिटार ल्यूसिल. पुढं गिब्सन कंपनीनं १९८०मध्ये ल्यूसिल नावाचीच गिटार काढली. तिच्या अंगावर नेहमीची लांबट भोकं ठेवली नव्हती, कारण मोठ्या आवाजात त्यांतून शिट्टी घुमते. त्याआधी किंग त्या भोकांत कापड कोंबायचा! आख्यायिकेपेक्षा मला हा कापडाचा बोळा जवळचा वाटतो. सूर स्वच्छ मिळावा म्हणून माणूस काय करतो, ते त्यात आहे.

मेम्फिसमध्ये डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्रानं त्याला घेतलं. काळ्या श्रोत्यांसाठी सगळा कार्यक्रम करणारं हे अमेरिकेतलं पहिलं केंद्र. पेप्टिकॉन नावाच्या टॉनिकची जाहिरात गाण्यापासून त्याची सुरुवात झाली. बील स्ट्रीटचा ब्लूज बॉय, मग नुसता ब्लूज बॉय, मग बी. बी. 'थ्री ओ'क्लॉक ब्लूज' हे लोवेल फुलसनचं गाणं त्यानं १९५१मध्ये ध्वनिमुद्रित केलं, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. मग सुरू झाली भटकंती. एकट्या १९५६ या वर्षात ३४२ कार्यक्रम. बसमध्ये झोपायचं, उतरायचं, वाजवायचं, पुन्हा बस.

या भटकंतीचं पिकलेलं फळ म्हणजे २१ नोव्हेंबर १९६४च्या रात्री शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये झालेलं ध्वनिमुद्रण. ते 'लाइव्ह ॲट द रीगल' या नावानं पुढच्या वर्षी बाहेर आलं. रीगल हे शिकागोच्या दक्षिण भागातलं, काळ्या वस्तीतलं थिएटर. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण किंवा त्यांचे आईबाप मिसिसिपीतून रेल्वेनं इथं आलेले, कापूस मागं टाकून कारखान्यांत लागलेले. म्हणजे गाणारा आणि ऐकणारे एकाच मातीतले, त्या मातीपासून शेकडो मैल लांब. ही तबकडी ऐकताना नुसतं किंगकडे लक्ष देऊ नये. सभागृह ऐकावं.

तिच्यात 'स्वीट लिटल एंजल', 'इट्स माय ओन फॉल्ट' आणि 'हाउ ब्लू कॅन यू गेट' ही तीन गाणी एकाला एक लागून येतात. पहिल्यात गिटार सुरू होते तीच किंकाळीसारखी, आणि श्रोत्यांतल्या बायका तिला जशास तसं उत्तर देतात. तिसऱ्या गाण्याआधी किंग लोकांना सांगतो, की माझ्या गळ्याकडे नको, वाद्यांकडेही नको, शब्दांकडे लक्ष द्या. आणि मग एक रुसलेला पुरुष आपण बाईला काय काय दिलं आणि तिनं कशाकशाला नाक मुरडलं, याचा पाढा वाचू लागतो. इथं सगळा वाद्यमेळ थांबतो. एक ठोका, आणि शांतता. त्या शांततेत एक तक्रार. पुन्हा ठोका, पुन्हा शांतता, पुढची, आणखी मोठी तक्रार. दर तक्रारीनिशी सभागृह तापत जातं. शेवटची, सगळ्यात मोठी देणगी तो उच्चारतो तेव्हा जो कल्लोळ उठतो तो नुसत्या दादेचा नव्हे. त्यात हसणं आहे, ओळख आहे, आमच्याही घरी हेच असं म्हणणं आहे.

या सगळ्या काळात ल्यूसिल काय करते? काही नाही. मला वाटतं, तिचा त्या रात्रीचा सर्वात मोठा पराक्रम तोच आहे. चांगली गिटार हातात असताना, तीही इतकी तापलेली असताना, तिला शांततेच्या त्या लहानशा चौकोनांत डोकावू न देणं यासाठी केवढा संयम लागतो! की तो संयमही नव्हता, नुसतं न जमणं होतं? मला वाटतं, एव्हाना त्या दोन्हींत फरक उरलेला नव्हता. जे सुरुवातीला करता येत नव्हतं ते आता करायचंच नव्हतं.

किंग स्वतः या रात्रीला फार मोठं मानत नसे. असे, किंबहुना याहून चांगले कार्यक्रम आपण कितीतरी केले, असं तो म्हणायचा. वर्षाला तीनशे रात्री वाजवणाऱ्या माणसाच्या तोंडी ते पटतं.

आणि आता पुन्हा 'द थ्रिल इज गॉन'. हे गाणं मुळात त्याचं नाही. रॉय हॉकिन्स या पियानोवाल्या गायकाचं ते १९५१चं. मोटार अपघातात हॉकिन्सचा एक हात लुळा पडलेला होता. रेडिओवर तबकड्या लावायच्या दिवसांतच किंगच्या मनात हे गाणं घर करून बसलं. पुढं कितीतरी वर्षं तो ते घोळवत राहिला, पण मनासारखं उतरेना. उतरलं १९६९च्या जूनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये, बिल सिम्झिक या तरुण निर्मात्याच्या हाताखाली. सोबतीला नेहमीचा वाद्यमेळ नव्हता, तर शहरातले स्टुडिओत वाजवणारे कसबी वादक: बासवर जेरी जेमॉट, इलेक्ट्रिक पियानोवर पॉल हॅरिस, ड्रमवर हर्बी लव्हेल, दुसऱ्या गिटारवर ह्यू मॅक्रॅकन. या दुसऱ्या गिटारकडे लक्ष द्या. कॉर्ड तिच्याकडे सोपवलेल्या आहेत. ल्यूसिलच्या खांद्यावरून तेवढं ओझं उतरलंय.

किंगचे बहुतेक ब्लूज शुद्ध गंधाराच्या अंगानं चालतात आणि त्यात कोमल गंधार कळीसारखा उठतो. हे गाणं मात्र पहिल्यापासून कोमल गंधारात बुडालेलं आहे. बांधणी तीच बारा बारची, पण नवव्या बारला वाद्यमेळ अनपेक्षितपणे कोमल धैवतावर उतरतो, तिथून एक पाऊल खाली पंचमावर, आणि मग घरी. वरच्या परिच्छेदांत ज्या शुद्ध धैवताच्या दिलाशाबद्दल लिहिलं, त्याच्या जागी इथं कोमल धैवत आहे. दिलासा काढून घेतलेला आहे. हा नववा बार आला की मला दर वेळी पायरी चुकल्यासारखं होतं. आणि किंगची गिटार तिथं काय करते? फारसं काही नाही. बहुतेकदा ती एखादा सूर धरून ठेवते आणि खालची जमीन सरकू देते.

ध्वनिमुद्रण झाल्यावर यावर व्हायोलिनं हवीत, असं सिम्झिकनं ठरवलं. ब्लूजवर व्हायोलिनं! बर्ट डी कोटो यांनी ती लिहिली. गोड व्हायोलिनं घालून बिघडवलेली गाणी मी पुष्कळ ऐकली आहेत, किंगच्याच नंतरच्या काही तबकड्यांतही. इथं ती बिघडवत नाहीत, कारण गाणं बरंच पुढं गेल्यावर, धुकं चढावं तशी ती मागून येतात, आणि किंगनं मोकळ्या सोडलेल्या जागांतच वावरतात. त्यानं जागा सोडल्या नसत्या तर त्यांना उभं राहायला ठाव नव्हता. हे गाणं पॉपच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत चढलं, त्याला ग्रॅमी मिळालं, आणि चव्वेचाळिशीतला किंग गोऱ्या अमेरिकेच्या घराघरांत पोचला.

त्याआधीच, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोरमध्ये लांब केसांच्या गोऱ्या पोरांनी त्याला पाहताच उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि तो रंगमंचावर रडला होता. ती पोरं ज्यांना ऐकून तिथं आली होती ते एरिक क्लॅप्टन आणि त्याच्या पिढीचे इतर वादक किंगची तार खेचण्याची रीतच बोलत होते. आपल्याकडे वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११मध्ये महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला तेव्हा मुख्य वादक होता बडी गाय. गाय स्वभावानं किंगच्या अगदी उलट: ओसंडणारा, किंचाळणारा, श्रोत्यांत शिरणारा. तरी तार खेचून तो एखादा सूर धरतो आणि मनगट हलवतो, तेव्हा डावा हात इंडियनोलाचा असतो. गाय स्वतःच ते ऋण सांगत आलाय.

यू टू या बँडबरोबर १९८८च्या चित्रपटात किंग सराव करताना दिसतो. त्रेसष्टीच्या आसपासचा, जगानं राजा मानलेला माणूस पोराच्या वयाच्या बोनोला संकोचानं सांगतो, की कॉर्ड मला जमत नाहीत. ती कामं दुसऱ्या गिटारवाल्याकडे जातात. किंग आपले दोन-चार सूर वाजवतो, आणि खोलीतल्या सगळ्यांना कळतं की गाणं आता सुरू झालं.

म्हातारपणी मधुमेहानं आणि गुडघ्यांनी त्याला खुर्चीत बसवलं. कार्यक्रमात बोलणं वाढलं, वाजवणं कमी झालं. शेवटच्या काही वर्षांतल्या रात्री ऐकवत नाहीत इतक्या थकलेल्या आहेत. त्यावर पांघरूण घालण्यात त्याचा मान नाही. पण त्यातही एखादा सूर असा लागायचा, की पंजा आपसूक मोकळा होऊन फडफडू लागे. १४ मे २०१५ रोजी लास व्हेगासमध्ये तो गेला. पुरला आहे इंडियनोलात, त्याच्या नावाच्या संग्रहालयाच्या आवारात. त्या संग्रहालयाच्या इमारतीत जुनी विटांची कापूस-जिनिंगची इमारत सामावून घेतली आहे. तरुणपणी तो तिथं काम करायचा.

तबकडीवर 'द थ्रिल इज गॉन'चं गाणं संपतं, शब्द संपतात, पण आवर्तनं चालू राहतात. आता गळ्याची पाळी यायचीच नाही. मैदान सगळं ल्यूसिलचं. अडवणारं कुणी नाही. व्हायोलिनं चढत जातात, ती त्यांच्यात शिरते, एक वाक्य बोलते. आणि थांबते. कुणीही गात नसताना, ओळ गाण्यापुरती जागा मोकळी सोडून ती थांबते, मग पुन्हा बोलते. तंत्रज्ञानं आवाज हळूहळू बारीक करत नेलाय. मी ध्वनी वाढवत जातो, अगदी शेवटपर्यंत, आणि ती अजून जागा सोडतेच आहे.